पडायला शिका, मग धडकायला: साताऱ्यात राहून रोलर डर्बीची सुरुवात

आपल्याकडच्या बाईचा खेळ बहुधा बारावीला सुटतो. तोवर ती शाळेच्या संघातून कबड्डी खेळलेली असते, खो-खोत खांबावर सूर मारून गुडघे फोडून घेतलेले असतात, तालुक्याच्या स्पर्धेचं एखादं सर्टिफिकेट फाइलीत असतं. मग कॉलेज, नोकरी, लग्न, पोरं. पुढचा व्यायाम म्हणजे डॉक्टरांनी दटावलं की चार भिंती स्मारकापर्यंत चालून येणं. माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, साताऱ्याच्या आदिती स्वामीने २०२३ ला बर्लिनमध्ये तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. त्यांचे फ्लेक्स आपण हौसेने लावतो. पण पस्तिशीतल्या बाईला "या, पहिल्यापासून शिकवतो आणि संघातही घेतो" म्हणणारं मैदान कुठे असतं?

रोलर डर्बीत असतं, म्हणजे चाकांचे स्केट्स घालून दोन संघांनी धडका देत खेळायच्या खेळात. परदेशातल्या लीगमध्ये, म्हणजे तिथल्या डर्बी क्लबमध्ये, येणाऱ्या कित्येक जणी पहिल्या दिवशीच आयुष्यात पहिल्यांदा स्केट्स घालतात. त्याला कारण आहे. मूळ खेळ १९३५ चा, शिकागोत लिओ सेल्झरने तिकीट लावून भरवलेली लांब पल्ल्याची स्केटिंग शर्यत. लोकांना शर्यतीपेक्षा धडकाधडकीच जास्त आवडते हे दिसल्यावर नियम त्या अंगाने वळले. पुढे तो धंदा बसला. २००० नंतर टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात बायकांनी खेळ पुन्हा उभा केला, आणि तेव्हापासून बहुतेक लीग खेळणाऱ्या बायकाच चालवतात. लीग आपलीच असली की नवीन माणसं घडवावीच लागतात, त्यामुळे शिकवण्याची पद्धत आधीपासून ठरलेली आहे. मी परदेशात नोकरीला असताना त्याच पद्धतीने शिकले आणि इथे ओळखीच्या काही जणींना तसंच शिकवते. पुढे दिलेला क्रम सोडू नका. डर्बीत दुखापती होतात त्या बऱ्याचदा कोणीतरी दोन पायऱ्या एकदम चढायला गेल्यामुळे.

आधी खेळ डोळ्यांखालून घाला

सपाट लंबगोल ट्रॅक. दोन संघ, प्रत्येकाच्या पाच जणी ट्रॅकवर. त्यातली एक जॅमर, तिच्या हेल्मेटवर चांदणीचं कव्हर. उरलेल्या चौघी ब्लॉकर, त्यातली एक पिव्हट. तिच्या हेल्मेटवर पट्टा असतो आणि वेळ पडली तर जॅमर आपली चांदणी तिच्या हातात देऊ शकते. दोन्हीकडच्या ब्लॉकर घोळक्याने पुढे असतात, त्याला पॅक म्हणायचं. शिट्टी झाली की दोन्ही जॅमर मागून येऊन पॅकमधून घुसतात. पहिल्या वेळेस गुण नाहीत. नियमात राहून जी आधी बाहेर पडेल ती लीड जॅमर. त्यानंतर पूर्ण फेरी मारून पुन्हा पॅकमधून जाताना विरुद्ध संघाच्या जितक्या ब्लॉकरना मागे टाकाल तितके गुण.

ही एक झटापट म्हणजे जॅम, जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. लीड जॅमरला वाटलं की आता पुढे नुकसान आहे, तर दोन्ही हात कमरेवर भराभर आपटून ती जॅम तिथेच थांबवते. ३० सेकंदांत पुढच्या पाच जणी उभ्या राहतात. ३० मिनिटांचा एक डाव, असे दोन.

कबड्डी खेळलेलीला हे लगेच कळतं: एकटी चढाईवाली आणि समोर साखळी. मात्र इथे दोन्ही संघांची चढाई एकाच वेळी चालू असते. समोरच्या जॅमरला अडवायचं आणि त्याच क्षणी आपल्या जॅमरला वाट करून द्यायची, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. दुसरी अडचण हातांची. कबड्डीवालीचा हात आपोआप मनगट पकडायला जातो. डर्बीत धरायचं नाही, ढकलायचं नाही, कोपर मारायचं नाही.

नियमावली विमेन्स फ्लॅट ट्रॅक डर्बी असोसिएशनच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. सगळी पाठ करायची गरज नाही. एखादा पूर्ण सामना मोबाइलवर लावा आणि पहिल्यांदा जॅमरकडे बघूच नका. ब्लॉकरच्या कमरा आणि पाय बघा. शिट्ट्या ऐका. दोन झटपट शिट्ट्या म्हणजे लीड जॅमर ठरली, चार झटपट म्हणजे जॅम संपला, एक लांब म्हणजे कोणाला तरी पेनल्टी.

जागा

साताऱ्यात खरी अडचण जागेची. हे गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेलं. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चालत गेलेल्या कोणालाही तो चढ पोटऱ्यांना आठवतो. नवशिक्या बाईने या रस्त्यांवर स्केट्स घालू नयेत. तुम्हाला सपाट वाटणाऱ्या गल्लीचा उतार चाकांना बरोबर कळतो, आणि खाली चौक असतो. पूर्ण ट्रॅकला भोवतीची मोकळी जागा धरून सुमारे १०८ बाय ७५ फूट लागतात. बास्केटबॉलचं मैदानही रुंदीला कमी पडतं. पण सुरुवातीचे कितीतरी महिने तुम्हाला ट्रॅक लागणारच नाही. बऱ्यापैकी मोठा, सपाट, गुळगुळीत तुकडा पुरतो.

शाळांची सिमेंटची कोर्ट, सोसायटीचं पार्किंग, शाहू क्रीडा संकुलात चौकशी, हे सगळं कराच. मला सगळ्यात उपयोगी वाटलेली जागा मात्र मंगल कार्यालय. आषाढातल्या एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळजवळ नसतात, हॉल रिकामे असतात, आणि बाहेर नेमका पाऊस कोसळत असतो. कार्यालयाचा मालक आधी नाहीच म्हणतो. त्याला वाटतं फरशी जाईल. अशा वेळी फोनवर वाद घालू नका; स्केट्स घेऊन जा, त्याच्यासमोर कोपऱ्यात चाकं फिरवून दाखवा. चाकांनी सहसा काही होत नाही, डाग पडतो तो पुढच्या रबरी टो-स्टॉपचा. तो ओल्या फडक्याने पुसून दाखवला की निम्मं काम होतं. भाडं तासावर ठरवा आणि झाडून-पुसून देण्याची जबाबदारी आपली, असं स्वतःहून सांगा.

फरशीकडे नीट बघा. गुळगुळीत कोबा सगळ्यात चांगला. शहाबादीच्या सांध्यात चाक अडकतं. चकचकीत टाइल्सवर चाक सुटतं, तिथे मऊ चाकं लागतात. लग्नाचा हॉल असेल तर स्वतः झाडू घेऊन कोपरे झाडाच, कारण अक्षता कुठे कुठे जाऊन बसतात याचा अंदाज येत नाही. कडक चाकाखाली तांदळाचा एक दाणा आला तरी चाक क्षणभर अडतं आणि तुम्ही तोंडावर.

सामान, आणि ते कुठल्या क्रमाने घ्यायचं

बहुतेक जणी आधी स्केट्स घेतात, रंग बघून. मी सांगेन, आधी गुडघ्याचे पॅड घ्या, आणि त्यात कंजुषी करू नका. मुलांच्या सेटमध्ये येतात ते पातळ पॅड मोठ्या माणसाच्या वजनाला पुरत नाहीत. जाड स्पंज, बाहेरून कडक कवच, आणि पायावर फिरणार नाही इतके घट्ट. मग मनगटाचे गार्ड, कोपराचे पॅड, हनुवटीखाली पट्टा बसणारं हेल्मेट आणि तोंडात घालायचा माउथगार्ड. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून आपल्याच दातांवर चावून बसवायचा असतो. हे सगळं हवंच. यातलं एक नसलं तरी लीगमध्ये ट्रॅकवर येऊ देत नाहीत.

स्केट्स चार चाकांचे हवेत, पुढे दोन मागे दोन, घोट्याशी घट्ट बसणाऱ्या बुटावर. एका रांगेतल्या चाकांचे इनलाइन डर्बीत चालत नाहीत. चपलेवर पट्ट्याने बांधायचे, लांबी कमी-जास्त होणारे स्केट्स तर लांबच ठेवा. चाकावर ७८ए, ८८ए, ९६ए असे आकडे असतात. आकडा लहान तितकं चाक मऊ. बाहेरच्या खरबरीत सिमेंटला ७८ च्या आसपासचं, हॉलमधल्या फरशीला त्याहून कडक. पण फरशी निसरडी असेल तर पुन्हा मऊकडे यायचं.

बेअरिंगसाठी ऑनलाइन खर्च करण्याआधी एमआयडीसीतल्या बेअरिंगच्या दुकानात जा. ८ मिलिमीटरच्या दांड्याच्या स्केट्सना ६०८ नंबरचं बेअरिंग लागतं, आठ चाकांना मिळून १६. काही स्केट्सचा दांडा ७ मिलिमीटरचा असतो, तेव्हा एक चाक काढून सोबत न्या. "कुठल्या मशीनला पाहिजेत?" असं दुकानदार विचारतोच. काय उत्तर द्यायचं ते तुमच्यावर.

घालताना आधी गुडघे, मग कोपर, हेल्मेट, स्केट्स, आणि मनगटाचे गार्ड शेवटी, नाहीतर नाड्या बांधता येत नाहीत. काढताना आधी स्केट्स आणि हेल्मेट सगळ्यात शेवटी. पायात चाकं आणि डोकं उघडं, अशी अवस्था एक मिनिटही नको.

आता घरात बोलायचा विषय. बांगड्या, मंगळसूत्र, पैंजण, कानातलं घरी काढून ठेवून यायचं. दुसरीचं बोट त्यात अडकलं तर तिचं बोट आणि तुमचा गळा दोन्ही धोक्यात. चमकी निघतच नसेल तर त्यावर चिकटपट्टी लावा. अंबाडा हेल्मेटमध्ये मावत नाही, मानेजवळ खाली वेणी घाला. ओढणी नाही, सैल पायजमा नाही. लेगिंग, टी-शर्ट आणि चांगली स्पोर्ट्स ब्रा. ब्रा साधी घालून आलात तर पहिल्याच दिवशी कळेल. पाळी चालू असताना खेळायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, खेळाला काही अडचण नाही.

सासूबाई "हाडं मोडून घ्यायचं हे वय आहे का?" असं म्हणतील. त्यांना एकदा हॉलवर घेऊन या. पॅड हातात घेऊन बघितले की बऱ्याच जणींचा आवाज उतरतो. एका वहिनींच्या सासूबाई तर आता खुर्चीवर बसून वेळ लावतात.

पडणं

स्केट्स घातल्यावर पहिला धडा पडण्याचा. आपण मोठी माणसं पडताना दोन चुका करतो: हात मागे टेकतो, नाहीतर ताठ होतो. पहिल्यात मनगट जातं, दुसऱ्यात माकडहाड.

आधी उभं राहणं. पाय खांद्याइतके रुंद, गुडघे चांगले वाकलेले, छाती वर, नजर समोर. कमरेतून वाकणं नव्हे, गुडघ्यातून बसणं. पहिल्या आठवड्यात मांड्या पेटतात. भारतीय पद्धतीच्या संडासाची सवय असलेल्या बायकांना ही बैठक लवकर जमते, हे मी अनुभवावरून सांगते.

या बैठकीतून एक गुडघा जमिनीला टेकवा. आपटू नका, वजन खाली आणत हळूच टेका आणि घसरू द्या. मग दुसरा. मग दोन्ही. चालत्या वेगात हे जमू लागलं की शेवटी अंग लहान करून पडा: गुडघे, मग कोपर, डोकं आत, आणि मुठी घट्ट बंद. मुठी यासाठी की जमिनीवर पसरलेल्या बोटांवरून मागून येणाऱ्या चौघींची चाकं जाऊ शकतात. प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला हे करायचं, कितीही येत असलं तरी. कधीही मागे पडू नका. तोल मागे जायला लागला की मुद्दाम खाली बसून पुढे या किंवा एका कुल्ल्यावर जा.

उठायचं ते हात न टेकता. एक गुडघा उभा, त्या पायाची चाकं जमिनीला, आणि मांडीच्या जोरावर वर. सुरुवातीला सगळ्या जणी भिंत शोधतात.

थांबणं आणि वळणं

ज्या बाईला थांबता येत नाही तिला वेग शिकवू नये. प्लाउ स्टॉप आधी शिका: पाय फाकवायचे, बोटं आत वळवायची, टाचांनी बाहेर जोर द्यायचा. वेग कमी असताना शिका, पायांखालून फरशी खरवडल्यासारखा आवाज यायला लागला की बरोबर चाललंय. त्यानंतर टी-स्टॉप, म्हणजे एक पाय मागे आडवा ओढत थांबणं. टो-स्टॉपवर भर देऊन थांबणं शेवटी, कारण पुढे जाताना तो टेकवला तर नवशिकी तोंडावर आपटते. तो मागे जाताना वापरायचा.

डर्बी घड्याळाच्या उलट दिशेने खेळतात. म्हणून वळणावर उजवा पाय डाव्यावरून टाकायचा, हा क्रॉसओव्हर. आधी स्केट्स न घालता जमिनीवर खडूने गोल काढून त्यावर चालून बघा. लीगमध्ये पूर्वी पाच मिनिटांत २७ फेऱ्यांची परीक्षा असायची आणि नव्या बायका त्याच आकड्याच्या धसक्यात असायच्या. आता त्यावर पूर्वीइतका भर राहिलेला नाही, आणि ते बरंच झालं. वेगापेक्षा घोळक्यात, हळू चालत असताना तोल सांभाळता येणं जास्त कामाचं. दुसरीच्या खांद्याला खांदा लावून दोन फेऱ्या मारून बघा, लगेच कळेल.

धडक

इथवर यायला आठवड्यातून दोनदा सराव धरून दोन-तीन महिने लागतात. कोणाला जास्तही लागतात.

धडकेचा सराव आधी साध्या बुटांत करा. दोघी शेजारी उभ्या राहा, गुडघे वाका, आणि कुल्ला लावून एकमेकींना रेषेबाहेर सरकवा. जोर खालून वर यायला हवा, मांडीतून. शरीराचा कोणता भाग वापरायचा हे पक्कं असू द्या: धड, कुल्ले, दंड कोपराच्या वरपर्यंत आणि मांडीचा वरचा अर्धा भाग. मारायचं कुठे, तेही जवळपास तसंच: छाती-पोट, बाजू, दंड, कुल्ले. पाठीत नाही, डोक्यावर किंवा मानेवर नाही, मांडीच्या मध्यापासून खाली नाही. चुकलात तर ३० सेकंद पेनल्टी बॉक्समध्ये खुर्चीवर. सात पेनल्टी झाल्या की सामन्यातून बाहेर.

वजनाची लाज घेऊन येणाऱ्या बाईला इथे सुखद धक्का बसतो. जाड बाई नुसती गुडघे वाकवून उभी राहिली तरी तिला हलवायला दोघी लागतात. लहानखुरी बाई दोघींमधल्या फटीतून निसटते. संघाला दोन्ही लागतात.

डोक्याला मार लागला, चक्कर, मळमळ, उजेडाचा त्रास असं काही झालं तर त्या दिवसाचा खेळ तिथेच बंद, आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत परत नाही. "मी ठीक आहे" हे तिचं म्हणणं या बाबतीत धरायचं नाही. मनगट सुजलं तर हळद लावून आठवडाभर वाट बघत बसू नका, एक्स-रे काढा.

लीगपर्यंत कसं पोहोचायचं

साताऱ्यात "डर्बी लीग" अशी पाटी शोधत फिरू नका. सुरुवात दोन बाजूंनी करा. एक, गावात लहान मुलांना स्केटिंग शिकवणारे जे कोणी असतील त्यांना भेटा आणि विचारा, "सर, मोठ्या बायकांची बॅच घ्याल का?" पाच-सहा जणींची नावं सोबत नेलीत तर उत्तर वेगळं येतं. थांबणं-वळणं ते उत्तम शिकवतात, मग डर्बी माहीत असो वा नसो. देशात या खेळांचा कारभार रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाकडे आहे आणि त्यांच्या प्रकारांत रोलर डर्बीही आहे. जिल्ह्याच्या संघटनेमार्फत नोंदणी आणि स्पर्धांची चौकशी याच सरांकडून होते.

दुसरं, स्वतःच्या भिडू जमवा. आठ जणी असल्या की चार-चारचा पॅक उभा राहतो, त्याहून कमी असल्या तरी सराव थांबत नाही. पण लीग म्हणजे नुसत्या खेळणाऱ्या नव्हेत. सामन्याला रेफरी लागतात, गुण लिहिणारी, जॅमची वेळ लावणारी, पेनल्टी बॉक्स सांभाळणारी लागते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली ताई, बाळंतपणातून नुकतीच उठलेली मैत्रीण, स्केट्सला घाबरणारी पण हिशोबात पक्की असलेली बँकेतली वहिनी, या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून काम द्या. भिशी चालवणारी एक तरी बाई गटात हवीच. हॉलचं भाडं, प्रथमोपचाराची पेटी आणि दोन जादा हेल्मेट यांचे पैसे तीच वसूल करू जाणे.

शिकायला किंवा नोकरीला बाहेर जाणाऱ्या मुलींना तर हे सोपं आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया इथे कितीतरी शहरांत लीग आहेत. ईमेल करताना चार गोष्टी विचारा: नवशिक्यांची पुढची बॅच कधी, सुरुवातीला सामान उसनं मिळेल का, विमा कोणता आणि कोणी काढायचा, आणि बॅच सुरू होईपर्यंत सामन्याच्या दिवशी मदतीला येऊ का. चौथा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला सहसा लगेच उत्तर येतं. बऱ्याच लीगमध्ये खेळण्यासाठी गमतीचं टोपणनाव घेतात. साताऱ्याची पोरगी "कंदी पैलवान" म्हणून उतरली तर मला आवडेल, पण नाव मिरवायची घाई नको, आधी प्लाउ स्टॉप.

पहिल्या सरावसामन्यात तुम्ही बहुतेक वेळ पेनल्टी बॉक्समध्ये बसणार आहात. ट्रॅकच्या बाहेर ढकललं गेल्यावर आपण सवयीने पुढूनच आत येतो आणि रेफरीची लांब शिट्टी वाजते. आत यायचं ते ढकलणारीच्या मागून. बॉक्समध्ये वाद घालू नका, रेफरीला हात जोडू नका, खुर्चीवर बसा. वेळ लावणारी उभं राहायला सांगेल तेव्हा उभ्या राहा, सोडेल तेव्हा निघा, आणि आत शिरताना पॅकच्या मागूनच शिरा.